बिनआवाजाचा पंखा

९ एप्रिल २००८

ही डायरी एका बियाणे कंपनीने दिलेली आहे. पानोपानी कपाशीची पांढरीशुभ्र बोंडं फुटलेली. त्यांच्या जाहिरातीचं रेकॉर्डिंग मी केलं होतं. ते ऑटोवर भोंगा लावून थेट दर्यापूरपर्यंत वाजलं, आणि ही त्याची भेट. तीन महिने कोरीच पडली होती. आज लिहायला घेतली, कारण आज सांगण्यासारखं काही घडलं आणि ऐकायला घरात फक्त बायको, रागिणी, तिला तर माझ्याआधी कळलं होतं. फोन तिनेच उचलला.

फोन अमरावतीहून होता. तिथल्या अंध मुलांच्या निवासी शाळेतल्या जयवंताबाईंचा. सातवीची सगळी पुस्तकं कोणीतरी वाचायची, मी रेकॉर्ड करायची, सीडीवर द्यायची. वाचायला आमचे खुशालराव गुरुजी तयार आहेत. मला चौथीत त्यांनीच शिकवलं आणि मारलंही. मेमध्ये नमुना ऐकवायचा. तो पसंत पडला तर शाळा उघडायच्या आत सातवी पूर्ण करायची, आणि पुढे आठवी, नववी, दहावी सगळं माझ्याकडेच.

हे काम मिळायलाच हवं. ‘पुंजाजी साऊंड सर्व्हिस’ मी वीस वर्षं चालवली. वराती, मिरवणुका, सभा, कुठेही भोंगे आणि जनरेटर घेऊन मी उभा. आता गावोगाव सामुदायिक विवाह होतात, दहा नवरदेवांना एकच मांडव आणि एकच भोंगा, तोही संस्थेचा. गेल्या वर्षी सगळा सेट चांदूर बाजारच्या एका माणसाला देऊन टाकला. कॉम्प्युटर, मिक्सर आणि एक चांगला माइक ठेवला. मला दुसरं काही येत नाही. आवाजाचं काम गेलं तर मी पंचेचाळीसाव्या वर्षी घरात बसलेला माणूस.

घरामागची सामानाची खोली आता स्टुडिओ आहे. खिडकी विटांनी बुजवली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दाराला आतून जुनी गादी ठोकली. आत पंखा नाही, कूलर नाही, कारण माइकला सगळं ऐकू येतं. आमच्या गल्लीत शांतता तशी नसतेच. समोर पिंजाऱ्याचं मशीन, बाजूला गिरणी, घरोघरी कूलर. पण लाईन गेली की सगळं एका झटक्यात गप्प. लोक शिव्या देत ओट्यावर येतात आणि मी इन्व्हर्टर लावून आत शिरतो. लोडशेडिंगची वाट पाहणारा अकोल्यात मी एकटाच असेन.

एकच अडचण आहे. गल्ली गप्प झाली की कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज उघडा पडतो. बारीक, सरळ, अखंड शीऽऽ. थंडीपर्यंत तो नव्हता. त्याचा बंदोबस्त केला की झालं.

१२ एप्रिल

सीपीयूचा डबा उघडला. आत पिंजाऱ्याच्या कृपेने अर्धी उशी भरेल एवढा कापूस. पंख्याची पाती फिरत होती हेच आश्चर्य. रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं, पंख्याच्या मधल्या स्टिकरखाली रागिणीच्या शिलाई मशीनचं तेल सोडलं.

“सगळं तेल पंख्यालेच पाजलं का तुमी?” ती म्हणाली.

“ये, ऐक आता. कमी झाला का आवाज?”

तिने दारात उभं राहून कान दिला. “तुमी चालू तं करा आधी.”

चालूच होता. तिची थट्टा करायची सवय जात नाही. मला मात्र तासभर आवाज कमी वाटला आणि मग होता तिथे आला.

१७ एप्रिल

हसनैनच्या दुकानात गेलो. अकोल्यात कॉम्प्युटरचं सामान पुष्कळ ठिकाणी मिळतं, पण हसनैन वस्तू विकण्याआधी तिची निंदा करतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

“पुंजाभाऊ, फॅन दोन टाइपचे,” तो म्हणाला. “एक बुशवाला, एक बेअरिंगवाला. बुशवाला चूप राह्यते, पन गर्मीत त्याचं तेल सुकते आन् मंग थो बोंबलते. बेअरिंगवाला टिकते, पन पहिल्या दिवसापासून थोडी किरकिर करते.”

“मंग अकोल्याले कोणता चांगला?”

“अकोल्यात मे महिन्यात मानूसच टिकून नाई राहिला, फॅनचं काय घेऊन बसले?”

खोक्यांवर डेसिबल छापलेले असतात. एकावर अठरा, एकावर चोवीस. मी म्हटलं, अठरावाला दे. तो हसला. “भाऊ, थे कंपनीनं कुठं मोजले, एसीत बसून मोजले. तरी घेऊन जा, नाई जमला तं वापस आना.” बुशवाला घेतला. त्यात निळा दिवा आहे. बिनदिव्याचा नव्हता.

घरी लावला. खोलीभर निळा उजेड आणि तीच शीऽऽ.

२१ एप्रिल

गुरुजी आले. वय चौऱ्याहत्तर, धोतर, टोपी, हातात थंड पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली. निळा उजेड पाहून म्हणाले, “पुंजा, गणपती बसवला का रे आत?”

त्यांचा आवाज अजून खणखणीत. वाक्य पुढे सरकतं ते बैलगाडीसारखं, न घाई न अडखळ. भूगोलाचा पहिला धडा आम्ही चार वेळा घेतला. चारही वेळा वाक्यांच्या मधल्या जागेत मला ती शिट्टी ऐकू येत होती. गादी ठोकलेल्या दाराआड गुरुजींचा सदरा पाठीला चिकटला होता.

“आता काय झालं?”

“गुरुजी, पंखा येतो आहे मधे.”

“मले तं काई ऐकू येऊन नाई राहिलं.”

चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणाला काय ऐकू येणार. मी मान डोलावली आणि पाचव्यांदा सुरू केलं.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचा, कृषी केंद्रवाल्याचा निरोप, की तुम्ही केलेली जाहिरात कानात सुई टोचल्यासारखी वाजते. याला भोंग्यावर स्पष्ट ऐकू आलं तरी तक्रार. मी शब्द उघडे ठेवतो, ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक सूर, मोकळा सोडतो, तीच तर माझी खासियत. रागिणी म्हणाली, “यापुढं गिऱ्हाइकांच्या सीडी मीच मारत जातो, तुमी गुरुजीकडं लक्ष द्या.” बरं झालं. शेवटचा आवाज बसवून सीडीवर उतरवायचं ते कंटाळवाणं काम आहे.

२८ एप्रिल

हसनैनने मुंबईहून मोठा पंखा मागवला, हाताच्या पंजाएवढा. हिशोब सोपा आहे. लहान पातं जोरात फिरावं लागतं म्हणून ओरडतं, मोठं पातं सावकाश फिरून तेवढीच हवा देतं. सोबत स्क्रूऐवजी रबराच्या गुंड्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्याला लागत नाही. डब्यात तेवढी जागा नव्हती म्हणून टिनाच्या पेट्या करणाऱ्याकडून बाजूला गोल भोक पाडून आणलं. तो म्हणाला, भाऊ, यात कोंबडी ठेवता का?

वस्तू म्हणून पंखा फार देखणा. काळी पाती, सावकाश गोल. तळहात धरला तर हवा लागते, कान लावला तर...

कान लावला तरी शीऽऽ आहेच.

हसनैन स्वतः येऊन ऐकून गेला. मान तिरपी करून बराच वेळ उभा राहिला. “भाऊ, याच्यापेक्षा चूप फॅन मले मालूम नाई,” म्हणाला आणि चहा न घेता गेला. विकून झाल्यावर सगळे दुकानदार सारखेच.

रागिणी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. उन्हाने थकत असेल. वर मलाच म्हणते, टीव्ही किती मोठा करता, शेजारी बातम्या आपल्या घरातून ऐकतात.

१ मे

नमुन्याची तारीख ठरली, तेरा मे. शाळेने अमरावतीतल्या दुसऱ्या एका स्टुडिओकडूनही नमुना मागवला आहे. त्यांच्याकडे काचेची खोली आहे म्हणे आणि एसी बाहेर. माझ्याकडे अंड्यांचे ट्रे.

झोपताना डोक्यात पंखेच फिरतात. वीस डेसिबल, बावीस, अठरा. मला या शिट्टीचा राग येतो, असा राग मला माणसाचाही आला नाही.

६ मे

आजचा दिवस वाईट गेला. सगळं लिहितो.

हसनैनने परवा युक्ती सांगितली होती. पंख्याची तार पिवळ्या तारेवरून काढून लाल तारेवर जोडायची, म्हणजे त्याला निम्म्याहून कमी दाब मिळतो आणि तो अगदीच हळू फिरतो. तो हेही म्हणाला होता, “हिवाळ्यात करा भाऊ, आता नका करू.” मी केलं. पाती डोळ्यांनी मोजता येतील इतकी सावकाश झाली.

लाईन दुपारी गेली. बाहेर पंचेचाळीसच्या वर, आत किती ते कोणाला ठाऊक. गुरुजींनी इतिहासाचा लांब धडा सुरू केला. अर्ध्यावर कॉम्प्युटर गरम होऊन बंद पडला, धडा गेला. परत सुरू केला, परत बंद. तिसऱ्यांदा गुरुजी वाचता वाचता थांबले. मला वाटलं पान उलटताहेत. मान वर केली तर पुस्तक मांडीवरून घसरलेलं आणि डोळे पांढरे.

उचलून बाहेर आणलं. रागिणीने ओला पंचा डोक्यावर ठेवला, कांदा हुंगवला, साखर-मिठाचं पाणी चमच्याने दिलं. भानावर आल्यावर ते पहिलं काय म्हणाले, तर “कुठपर्यंत झालं होतं?”

मी म्हटलं, “थोडं बरं वाटलं की शेवटचा परिच्छेद...”

“परिच्छेद?” रागिणी एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचे डोकावले. या वेळी ती तोंडातल्या तोंडात बोलली नाही. “मानूस मरून राहिला आन् तुमी परिच्छेद म्हनता? कोन्ता आवाज येते हो तुमाले? सांगा ना, कोन्ता आवाज?”

“तुला नाही कळायचं. कान लागतो त्याला.”

गुरुजींना तिने रिक्षाने घरी सोडलं. मी त्या खोलीत जाऊन बसलो. चार भिंती, गादीचं दार, तो निळा दिवा काढून टाकला तरी डोळ्यांपुढे निळं. या खोलीत मी स्वतःला विटांनी बुजवून घेतलं आहे असं वाटलं. बाहेर तरी जाऊन काय करणार?

तार परत पिवळीवर जोडली.

१३ मे

अमरावतीला जाऊन आलो. सकाळच्या बसने गेलो, दुपारी बडनेऱ्याहून पॅसेंजरने परत.

नमुन्याची सीडी मी स्वतः मारली. रागिणी म्हणत होती, “द्या, मी मारतो,” पण या सीडीला मी तिला हात लावू दिला नाही. हे गिऱ्हाइकाचं काम नाही, माझं आहे.

जयवंताबाई माझ्याच वयाच्या. जन्मापासून दिसत नाही. हेडफोन दोन्ही हातांनी धरून त्यांनी पूर्ण धडा ऐकला, एकदाही हलल्या नाहीत. मी घाम पुसत बसलो.

मीच आधी बोलून टाकलं, “बाई, पंख्याचा आवाज थोडा येतो मागे, पण तो मी काढणार आहे.”

“पंख्याचा? कोन्त्या पंख्याचा?” त्यांनी परत ऐकलं. “नाई भाऊ. मागं काईच नाई. खोली एकदम चूप हाय. दुसऱ्या स्टुडिओपेक्षा चूप.”

त्या पुढे म्हणाल्या, “पन ‘स’ आन् ‘श’ लय टोचतात. गुरुजींचा आवाज असा नसन, मी त्यांच्याशी फोनवर बोलली हाय. माह्या लेकरांले दिवसभर हेडफोन लावून ऐकायचं असते. त्यांचे कान दुखतीन. तुमी ऐकलं नाई का मारताना?”

मी ऐकलं होतं. मला तर ते किंचित बोथटच वाटलं होतं.

जूनच्या सुरुवातीला आणखी एक नमुना द्या म्हणाल्या. बाई भल्या आहेत. पंख्याचं बोलल्या नाहीत ते माझं मन राखायला. आणि ‘स’ टोचतो म्हणजे काय, ‘स’ असतोच तसा. पण काम हातून सुटतं आहे हे कळतंय. गाडीत खिडकीशी बसलो होतो, इंजिन, डबे, माणसं, फेरीवाले, एवढ्या गदारोळात मला जरा बरं वाटलं.

१९ मे

अखेरचा उपाय. कॉम्प्युटरच खोलीबाहेर काढला. भिंतीला भोक पाडून लांब तारा ओढल्या आणि डबा नेऊन ठेवला स्वयंपाकघरात, गव्हाच्या कोठीशेजारी. आत फक्त माइक, पडदा आणि माउस. आता जगातला सगळ्यात चूप पंखा भिंतीपलीकडे आहे.

दार लावलं. हेडफोन घातले.

शीऽऽ.

म्हणजे तो तारेतून येतो. चांगली जाड, आवरणाची तार आणायला हवी. रागिणीला हे समजावलं. ती पोळ्या लाटत होती, कोपराशी कॉम्प्युटर. लाटणं थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं.

“काय?”

“काई नाई. पोळी घ्या.”

२३ मे

आजचं लगेच लिहून ठेवतो.

आज लाईन सकाळीच गेली आणि नेहमीच्या वेळेला आलीच नाही. कुठे तरी बिघाड झाला म्हणे. गुरुजींना मी आता फक्त सकाळी लवकर बोलावतो, ते येऊन गेले होते. मी आत एकटाच नवी तार तपासत होतो. इन्व्हर्टरने दोन-तीनदा टुकटुक केलं असणार, मला ते ऐकू आलं नाही, नंतर रागिणीने सांगितलं. बॅटरी संपली. पडदा काळा झाला. कॉम्प्युटर बंद, मिक्सर बंद, सगळं बंद.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

आवाज होता.

आधी वाटलं मिक्सरमध्ये काही उरलं असेल. त्याची तार भिंतीतून उपटली. आवाज होता. स्वयंपाकघरात गेलो, डब्याच्या भोकातून बोट घालून पंखा धरला, तो तसाच थांबलेला. आवाज होता. गल्लीत आलो. गिरणी बंद, पिंजारी बंद, लिंबाखाली माणसं खाटा टाकून पडलेली, कुत्रंही भुंकत नव्हतं. अख्ख्या अकोल्यात त्या क्षणी एकही पंखा फिरत नसेल. आणि शीऽऽ माझ्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत आली आणि परतही आली.

मी भ्यालो. सरळच लिहितो, भ्यालो. खोलीचं दार उघडता येतं. याला दार कुठे आहे?

रागिणीला म्हटलं, डोकं दुखतंय. तिने कपाळाला बाम लावला. तिचा हात कानापाशी जरा जास्त वेळ थांबला असं वाटलं.

२७ मे

दोन दिवस काढले आणि मग तिला सांगितलं. वाटलं होतं, दचकेल. ती फक्त म्हणाली, “चाला, डॉक्टरकडं जाऊ.” कानाचा कोणता डॉक्टर चांगला, कुठे बसतो, तिला माहीत होतं. एवढ्या गर्दीच्या दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी नंबरही मिळाला. नशीबच म्हणायचं.

छोट्या खोलीत बसवून हेडफोन लावतात. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजांना मी पटापट दाबलं. मग बराच वेळ काही आलंच नाही. मी बसून होतो, ती बाई काचेपलीकडून माझ्याकडे पाहत होती, आणि रागिणी तिच्यामागे उभी. नंतर कळलं की त्या वेळात बारीक आवाज एकामागून एक येऊन गेले.

डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे. वीस वर्षं भोंगे आणि जनरेटर म्हटल्यावर त्याने मान हलवली. पडदे शाबूत आहेत, आतली नस थकली. वरचे सूर गेले ते गेले, आणि त्यांच्या जागी ही शिट्टी. औषध नाही. वाढू नये म्हणून मोठ्या आवाजापासून लांब राहायचं.

“शांत खोलीत फार बसू नका,” तो म्हणाला. “काहीतरी हलका आवाज चालू ठेवा. साधा पंखा लावला तरी चालेल.”

मला हसू फुटलं. थांबेचना. डॉक्टर बावरला. रागिणीने माझा दंड घट्ट धरला आणि मग कळलं की मी हसत नाहीये.

३० मे

दुसऱ्या नमुन्याची तारीख जवळ आली. मी म्हटलं, जयवंताबाईंना फोन करून नाही म्हणून सांगतो.

“काहून?”

“साऊंडवाल्याचा कान गेला. आता काय उरलं?”

ती आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून पाहायला गेलो, तर माझ्या खुर्चीत बसलेली, हेडफोन कानाला, गुरुजींचा भूगोल लावलेला. मी मागे उभा राहिलो. तिचा हात सरळ ट्रेबलच्या बटणावर गेला. शोधावं लागलं नाही. ठरलेल्या जागेपर्यंत खाली फिरवलं, बेस बोटभर उचलला, मग एका जागी ‘स’ आला तिथे थांबून तेवढाच दाबला. असं पहिल्यांदा बसलेला माणूस करत नाही.

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उभी राहिली.

“केव्हापासून?”

“काय केव्हापासून?”

“रागिणी, केव्हापासून?”

“दिवाळीपासून,” ती म्हणाली. माझ्याकडे तोंड करून, सावकाश. आता आठवतं, ती कित्येक दिवस माझ्याशी अशीच बोलते. “गिऱ्हाइकं वापस येऊन राहिले होते. तुमी जेवाले बसले की मी थोडं खाली करत होती. एप्रिलमधी लयच झालं, मंग म्हटलं सीडी मीच मारतो.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तुमाले ऐकू येत नाई म्हनून? कान लागतो म्हनले ना तुमी मले, सगळ्यांसमोर. तरी दवाखान्यात नंबर लावून ठेवला होता, दोनदा गेला थो वाया.”

मला तिचा राग आला. मग स्वतःची लाज वाटली. मग परत राग आला. मधल्या वेळात ती माझा चेहरा पाहत उभी होती. शेवटी म्हणालो, “‘श’ अजून टोचतो का?” खरं तर दुसरं काही म्हणायचं होतं.

“थोडा,” ती म्हणाली आणि परत बसली.

५ जून

रेकॉर्डिंग आता असं चालतं. सकाळी लवकर, दर धड्यानंतर दार उघडून. गुरुजी वाचतात, रागिणी हेडफोन घालून बसते, मी दाराशी पाणी घेऊन उभा. सगळं बरोबर चाललं की ती डावा हात टेबलावर पसरून ठेवते. काही चुकलं की बोट उचलते. मी गुरुजींकडे पाहत नाही, तिच्या बोटाकडे पाहतो. माझ्या डोक्यात शिट्टी अखंड चालू असते, तिच्याआडून गुरुजींचे शब्द येतात, कडा झिजलेले. आवाज चांगला धरला गेला की वाईट, हे मला त्या हातावरून कळतं.

गुरुजींनी एकदा विचारलं, “पंखा गेला का रे पुंजा?”

“गेला,” मी म्हटलं.

नमुना रागिणीने मारला. मी सकाळच्या बसच्या कंडक्टरजवळ दिला.

११ जून

दुपारी जयवंताबाईंचा फोन आला. रागिणीने उचलला आणि माझ्याकडे दिला, डाव्या कानाशी, तो बरा आहे.

काम आम्हाला मिळालं. सातवी, आणि पुढचं सगळं. मुलांना बसवून ऐकवलं म्हणाल्या, एकानेही हेडफोन काढला नाही. “भाऊ, या बारीला तं गुरुजी समोर बसून वाचून राहिल्यासारखे वाटतात. पहिल्या नमुन्यात असं नव्हतं. या बारीला कोनी केलं हे? ज्यानं कान दिला, त्याचंच नाव सीडीवर टाकाचं हाय, लेकरं शेवटी नाव ऐकतात.”

रागिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक.

मला पंचेचाळीस वर्षं आठवली नाहीत, भोंगे आठवले नाहीत, काही नाही. फक्त एवढं वाटलं की हे आता सोडलं तर मी कोणीच नाही.

“मीच केलं, बाई,” मी म्हणालो. “पुंजाजी टाका.”

फोन ठेवला. रागिणी अजून तिथेच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत वळली, आणि वळता वळता काहीतरी बोलली. तोंड पलीकडे होतं, म्हणून मला ऐकू आलं नाही. परत विचारायचं धाडस झालं नाही.